अनवाणी साहेब आणि फुकटची कोथिंबीर

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १९ ऑक्टोबर २०२५ च्या रविवारी सकाळी, दारं उघडून जेमतेम अर्धा तास झाला असताना, चोरांनी खाली रस्त्यावर ट्रक उभा केला. त्यावरची सामान चढवायची यांत्रिक शिडी पहिल्या मजल्याच्या सज्जाला भिडवली, खिडकी कापली आणि फ्रान्सच्या राजघराण्यातले दागिने उचलून ते दुचाक्यांवरून पसार झाले. सगळा कारभार आठ मिनिटांच्या आत. मालाची किंमत ८ कोटी ८० लाख युरो. पळापळीत सम्राज्ञी युजेनीचा मुकुट तेवढा खाली पडला. अख्खं फ्रान्स डोक्याला हात लावून बसलं, पण आमचा भाचा भारावून गेला.

“मामा, आठ मिनिटांत पिकअप, आणि नऊ नगांपैकी फक्त एक डॅमेज! ह्याला म्हणतात एक्झिक्यूशन.”

भाचा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. म्हणजे अजून तरी आहे. त्याला स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. काय सुरू करायचं ते ठरायचंय, पण आपण फाउंडर असणार एवढं पक्कं आहे. तोवर हात बसावा म्हणून तो रोज रात्री जगात घडलेल्या एखाद्या गोष्टीतून धंद्याचा धडा काढतो आणि लिंक्डइनवर टाकतो. एक वाक्य, मग एक ओळ कोरी, मग पुन्हा एक वाक्य. कोऱ्या ओळीत वाचकाने विचार करायचा असतो.

लूव्रच्या चोरीत त्याला चोरांपेक्षा शिडीवाले जास्त आवडले. ती शिडी ब्योकर नावाच्या जर्मन कंपनीची निघाली. आपल्या मालाचा असा उपयोग झालेला पाहून दुसऱ्या एखाद्या कंपनीने वकील गाठले असते आणि ‘आमचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही’ असं पत्रक काढलं असतं. ब्योकरवाल्यांनी चोरीच्या जागेचाच फोटो घेतला, त्यात आपली शिडी सज्जाला टेकून दिमाखात उभी, आणि जाहिरात करून टाकली. मतलब असा, की काम घाईचं असेल तर आम्हाला बोलवा. आमची शिडी ४०० किलोपर्यंत माल नेते, मिनिटाला ४२ मीटर चढते आणि आवाजही फारसा करत नाही. लोक खळखळून हसले. भाच्याने त्याच रात्री ‘संकटात संधी’ अशा मथळ्याखाली सात मुद्दे काढले.

“आणि लोक हसायच्या ऐवजी चिडले असते तर?” मी विचारलं.

“तर मथळा ‘संवेदनशून्यतेची किंमत’ असा दिला असता. मुद्दे तेच राहिले असते, थोडे फिरवून.”

हे त्याने इतक्या सहजपणे सांगितलं, की मी चहाचा कप खाली ठेवला. मॅनेजमेंटचं अख्खं शास्त्र पोराने दोन वाक्यांत उलगडून दाखवलं होतं. निकाल आधी लागतो, कारणं त्याच्या सोयीने मागून येतात. आपल्याकडे वरातीमागून घोडं आलं तर लोक हसतात. इथे त्या घोड्याला स्टेजवर बोलावतात, गळ्यात माइक अडकवतात आणि त्याने वरात कशी यशस्वी केली ते ऐकायला तिकीट काढून बसतात.

पूर्वी माणसं बातमी वाचायची, हळहळायची आणि रद्दीत टाकायची. आता कुठलीही बातमी शिकवल्याशिवाय सोडत नाही. जुलै २०२५ मध्ये बोस्टनजवळ कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमात कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरत फिरत एका जोडीवर थांबला. तो गृहस्थ अ‍ॅस्ट्रॉनॉमर नावाच्या टेक कंपनीचा सीईओ आणि त्याच्या मिठीत त्याच कंपनीची मनुष्यबळ प्रमुख. दोघंही कॅमेरा पाहून असे लपले, की ज्यांना संशय आला नव्हता त्यांनाही यावा. सीईओंची खुर्ची गेली. कंपनीने मग काय करावं? कोल्डप्लेच्या गायकाची पूर्वाश्रमीची पत्नी, अभिनेत्री ग्विनेथ पॅल्ट्रो, हिला ‘तात्पुरती प्रवक्ती’ म्हणून आणलं आणि तिच्या तोंडून आपल्या सॉफ्टवेअरची जाहिरात करवली. डेटा पाइपलाइन म्हणजे काय हे ज्यांना जन्मात कळलं नसतं त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला. कळलं त्यांना तेव्हाही नाही. पण क्रायसिस मॅनेजमेंटचे धडे असे काही पडले, की दोन दिवस मोबाइल उघडायची सोय राहिली नाही.

ही साथ आमच्या सोसायटीपर्यंत आली आहे. गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली, तर सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर ‘आपण काय शिकलो’ असा कागद लावला. प्लंबरला बोलवायचं हे त्यात पाचव्या क्रमांकावर होतं.

हा निकालाचा आणि धड्याचा खेळ नीट बघायचा असेल तर साहेब लोकांच्या पायांकडे बघावं. स्टीव्ह जॉब्ज तरुणपणी अनवाणी फिरायचा. ते प्रतिभेचं लक्षण ठरलं. आपले पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी फिरायचे. तेही प्रतिभेचं लक्षण. वीवर्क या कंपनीचा संस्थापक अ‍ॅडम न्यूमन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अनवाणी चालायचा. २०१९ च्या जानेवारीत त्याच्या कंपनीची किंमत ४,७०० कोटी डॉलर लावली गेली, तेव्हा हा माणूस जमिनीशी नातं राखून आहे, असं बोललं जायचं. त्याच सप्टेंबरात कंपनीचा आयपीओ गुंडाळावा लागला आणि न्यूमनला खुर्ची सोडावी लागली. मग सगळ्यांना एकदम आठवलं, की हा बाबा भर शहरात चपला घालत नव्हता. तळपाय तेच, रस्ताही तोच, फक्त कंपनीची किंमत उतरली आणि साधेपणाचा वेडेपणा झाला. नावडतीचं मीठ अळणी, ते हेच.

मोठमोठे ग्रंथही यातून सुटलेले नाहीत. टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांनी १९८२ मध्ये उत्कृष्ट कंपन्यांच्या सवयी सांगणारं पुस्तक लिहिलं. ते धो धो खपलं. दोनच वर्षांनी ‘बिझनेस वीक’ने त्यातल्या अनेक उत्कृष्ट कंपन्या गाळात गेल्याची मुखपृष्ठकथा छापली. २००१ मध्ये जिम कॉलिन्स यांनी चांगल्यातून महान झालेल्या अकरा कंपन्या निवडल्या. त्यांतली विजेच्या वस्तू विकणारी सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गृहकर्जाच्या धंद्यातली फॅनी मे त्याच वर्षी सरकारने ताब्यात घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या फिल रोझेन्झ्वाइग नावाच्या प्राध्यापकांनी ‘द हेलो इफेक्ट’ हे पुस्तक लिहून सांगितलं, की कंपनीला नफा झाला की आपल्याला तिच्या साहेबाच्या डोक्यामागे तेजोवलय दिसायला लागतं आणि मग आपण त्या उजेडात त्याचे गुण वाचत बसतो. त्यांचंही पुस्तक खपलं. त्याच्या खपाचा धडा कोणी काढला असेल तर मला नवल वाटणार नाही.

पुण्याला हे शिकवायला स्वित्झर्लंडचा प्राध्यापक लागत नाही. चितळे बंधूंचं दुकान १९५० पासून चालू आहे आणि त्यातली बरीच वर्षं ते दुपारी एक ते चार बंद असायचं. बाकरवडीला रांग होती, त्यामुळे या तीन तासांत शिस्त, स्वाभिमान, कामगारांची काळजी आणि मालाच्या दर्जाची खात्री असं सगळं दिसायचं. आमच्या गल्लीतला एक स्टेशनरीवालाही एक ते चार दुकान बंद ठेवायचा. त्याला लोक आळशी म्हणायचे. पुढे १ जुलै २०१७ पासून चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं. पुणेकरांना चंद्रग्रहण चुकल्यासारखं वाटलं, पण धडेवाल्यांनी क्षणाचाही वेळ दवडला नाही. ‘काळाबरोबर बदला’ हा मुद्दा दुसऱ्या दिवशी तयार होता. बंद ठेवलं तरी आदर्श, उघडं ठेवलं तरी आदर्श. यावरून मला जी एकच गोष्ट कळली ती अशी, की आधी बाकरवडी चांगली करावी. पण हा मुद्दा कोणी स्लाइडवर घालत नाही, कारण त्यासाठी पहाटे उठून कढईसमोर उभं राहावं लागतं.

नॅनो गाडीची तर तीनदा फिरवाफिरव झाली. २००८ च्या जानेवारीत दिल्लीत ती लाख रुपयांची गाडी मंचावर आली तेव्हा धडा होता: किंमत उतरवा, बाजार आपोआप येईल. खप काही उठला नाही, तेव्हा धडा झाला: सर्वांत स्वस्त गाडी ही आपली ओळख व्हावी असं कोणाला वाटेल? चारचाकी घ्यायची ती शेजाऱ्याला दिसावी म्हणून. शेजाऱ्याने कीव करावी म्हणून कोण घेतो? ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले आणि त्या आठवड्यात तीच नॅनो पुन्हा मोबाइलभर फिरली: पावसात एका स्कूटरवर भिजत जाणाऱ्या चौघांसाठी पाहिलेलं स्वप्न. यातलं प्रत्येक म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. फक्त गाडी उभी होती तिथेच होती आणि धडे तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते.

आमच्या घरात मात्र या शास्त्राने खरा पेच आणला तो झेप्टोमुळे. आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा या दोन पोरांनी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं, मुंबईत आधी ‘किराणाकार्ट’ काढलं, मग २०२१ मध्ये ‘झेप्टो’ काढलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीची किंमत १४० कोटी डॉलर लागली. वय विचाराल तर आपल्याकडे या वयाच्या मुलाला एकट्याने पिठाची गिरणी गाठता येईल की नाही यावर घरात चर्चा होते. भाच्याने आईला सांगितलं, “आई, शिक्षण सोडलं म्हणून ते मोठे झाले.”

“सोडायला आधी स्टॅनफर्डने घ्यावं लागतं रे,” बहीण म्हणाली. “तू इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात गणिताचा एम-थ्री सोडला होतास, तेव्हा कोणी पैसे घेऊन आलं नाही.”

शिक्षण सोडून बुडालेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही, हा या शास्त्रातला मोठाच अडथळा आहे. ते सापडतच नाहीत. सापडतात तेव्हा ते पुन्हा परीक्षेला बसलेले असतात.

दहा मिनिटांत वाणसामान घरी आणून देण्याचा हा धंदा चालतो कसा, हे मी एकदा भाच्याकडून समजून घेतलं. वस्तीच्या मधोमध एक गाळा घ्यायचा, त्यात हजारो वस्तू रॅकवर मांडायच्या, पोरं आतून धावत माल गोळा करणार आणि बाहेरची पोरं दोन-तीन किलोमीटरच्या टापूत तो पोचवणार. याला डार्क स्टोअर म्हणतात. दुकान आहे, माल आहे, पण गिऱ्हाईकाला आत प्रवेश नाही. मी म्हटलं, ही कल्पना नवीन नाही; पुण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. फरक इतकाच, की इथे दुकानदार अपमान करायला जातीने हजर नसतो.

अपमान बिलात असतो. परवा भर पावसात घरात कोथिंबीर नव्हती आणि पोहे तर परतून झालेले. एका अ‍ॅपवरून एक जुडी मागवली. बिल उघडलं. पहिल्या ओळीत कोथिंबीर. दुसऱ्या ओळीत ती हाताळल्याचे पैसे. हाताळल्याशिवाय कोथिंबीर पिशवीत कशी जाणार होती, ते लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या ओळीत पोचवल्याचे. चौथ्या ओळीत मी इतकी कमी खरेदी केली म्हणून दंड. पाचव्या ओळीत बाहेर पाऊस पडतोय म्हणून आणखी थोडे. इतके चार्ज भरून मुंबईहून पुण्याला एक माणूस सहज आला असता. पावसाचे पैसे भरूनही कोथिंबीर भिजूनच आली.

या धंद्यावर निकालाने कशा कोलांट्या मारल्या ते पाहण्यासारखं आहे. २०१३ मध्ये निघालेलं ‘ग्रोफर्स’ डिसेंबर २०२१ मध्ये ‘ब्लिंकिट’ झालं. २०२२ मध्ये झोमॅटोने ते ४,४४७ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं आणि शेअर बाजाराने झोमॅटोलाच धुऊन काढलं. स्वतःचं जेवण अजून पचत नाही, त्यात दुसऱ्याचा तोटा वाढून घेतला, असं तज्ज्ञ म्हणाले. दोन वर्षांत तेच तज्ज्ञ सांगू लागले, की झोमॅटोच्या खाण्याच्या धंद्यापेक्षा ब्लिंकिटचीच किंमत जास्त. पहिल्या दिवशीचा वेडेपणा व्याजासकट दूरदृष्टी होऊन परत आला. मधल्या काळात तज्ज्ञांच्या पगाराला मात्र कोणी हात लावला नाही.

ब्लिंकिटच्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा प्रसंग शेअर बाजारात घडला नाही, तो एका घरात घडला. मे २०२४ मध्ये मुंबईच्या एका गृहस्थांनी जाहीरपणे लिहिलं, की अ‍ॅपवर कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात हे पाहून आईला धक्काच बसला; भाजीवर कोथिंबीर फुकट द्यावी असं तिचं म्हणणं आहे. कंपनीचे प्रमुख अलबिंदर धिंडसा यांनी ते मनावर घेतलं आणि त्याच दिवशी भाजीबरोबर फुकट कोथिंबीर सुरू केली. वर लोकांना सांगितलं, त्या आईंचे आभार माना. आता गंमत पाहा. एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे एमबीए झालेले लोक, गिऱ्हाईक कुठल्या वेळी काय दाबतो याचा सेकंदासेकंदाचा हिशेब. त्यातल्या कोणालाही हे सुचलं नव्हतं, की भाजीवाली शेवटी जी चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या पिशवीत टाकते, ती भेट नसून उद्याच्या भाजीचा आगाऊ दिलेला विसार असतो. हा धडा जगातल्या कुठल्याही बिझनेस स्कूलमध्ये शिकवत नाहीत. मंडईत तो रोज सकाळी मिळतो, फक्त ओरडून मागावा लागतो.

आमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानातल्या शेठना मी या नव्या मंडळींबद्दल विचारलं. शेठ कच्छचे, तिसरी पिढी आमच्याकडेच वाढलेली, मराठी आमच्याहून शुद्ध. धंदा थोडा बसलाय हे त्यांनी लपवलं नाही. मुलं आता चॉकलेटं आणि शाम्पू मोबाइलवरून मागवतात, दुकानात येतात ती सुट्टे न्यायला. पण त्यांनी या कंपन्यांना शिव्या दिल्या नाहीत. पुढ्यातली वही मिटली, पेन्सिल कानावर ठेवली आणि एकच विचारलं.

“साहेब, एका ऑर्डरमागे सुटतं किती?”

मी भाच्याला विचारलं. भाचा म्हणाला, “मामा, आत्ता ग्रोथ बघायची असते.” शेठना तसं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे सुटत नाही.” आणि ते साखर जोखायला वळले. पुढे भाच्याने मला समजावलं, की आता काही गाळ्यांना सुटायला लागलंय, कारण कमाई नुसत्या पोचवण्याच्या पैशांतून नसून कंपन्या अ‍ॅपवर आपली बिस्किटं वरच्या ओळीत दिसावीत म्हणून जे पैसे मोजतात त्यातूनही होते. मी तेही शेठना सांगितलं. शेठनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. डोळ्यांच्या पातळीवर एका बिस्किट कंपनीचे पुडे ओळीने लावलेले होते. “ह्या ओळीचे ते आम्हाला पण देतात,” ते म्हणाले. “फक्त आम्ही त्याला टेक्नॉलॉजी म्हणत नाही.”

‘सुटतं किती’ हा प्रश्न न विचारता पैसे कुठवर जाऊ शकतात, हे पाहायचं असेल तर भारतीय क्रिकेट संघाच्या छातीकडे बघावं. तिथे आधी सहारा होतं. २०१३ ला त्यांचा करार संपला आणि २०१४ मध्ये प्रमुख सुब्रत रॉय तुरुंगात गेले. मग स्टार आलं. मग २०१७ मध्ये ओप्पोने पाच वर्षांसाठी १,०७९ कोटींची बोली लावली आणि दोन वर्षांत जागा दुसऱ्याला देऊन टाकली. तो दुसरा म्हणजे बायजूज. पोरांना गणित शिकवणाऱ्या या कंपनीने २०२०-२१ चा स्वतःचा हिशेब भलत्याच उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये मांडला, त्यात तोटा ४,५८८ कोटी. ऑक्टोबरात अडीच हजार लोकांना घरी पाठवायचं ठरलं. आणि नोव्हेंबरात लिओनेल मेस्सीला सदिच्छादूत केलं. जुलै २०२४ मध्ये याच कंपनीवर १५८ कोटींच्या थकबाकीसाठी दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. अर्ज कोणाचा, तर ज्यांच्या जर्सीवर तिचं नाव झळकत होतं त्या बीसीसीआयचा. पुढे ड्रीम ११ आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला आणि ड्रीम ११ ने जर्सी उतरवली. सप्टेंबरातला आशिया चषक आपण छाती कोरी ठेवून खेळलो आणि जिंकलो.

या सगळ्याला आमचे शेजारचे काका साडेसाती म्हणतात. त्यांच्या मते जर्सीच्या त्या जागेची शांत करून घ्यायला हवी. मला त्यात शनीचा हात दिसत नाही. ज्या कंपनीला दुसऱ्याच्या छातीवर शेकडो कोटी खर्चावेसे वाटतात, तिच्या हातात बहुधा दुसऱ्याचेच पैसे असतात, आणि दुसऱ्याचे पैसे संपायला ग्रहांची मदत लागत नाही. आता तिथे अपोलो टायर्स आहेत. निदान त्यांची वस्तू तरी गोल, काळी, हाताला लागणारी आणि रोज झिजणारी आहे. गिऱ्हाईक परत येणार याची ती हमी असते.

अनवाणी साहेबांचा विषय झाला, आता चपलेवाल्यांचाही व्हावा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने पुरुषांच्या पायांत जी चप्पल घातली, ती पाहून कोल्हापूरच्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं, की ही कुठली. कार्यक्रमात मात्र तिचं नाव ‘चामड्याची सँडल’. कोल्हापूरचा उल्लेखच नाही. २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालेलं. ओरडा झाला, प्राडाने मूळ मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: दोन हजार जोड, एकेकाची किंमत ८०० युरोंच्या आसपास. म्हणजे ऐंशी हजारांच्या वर.

भाच्याने ‘ब्रँडची ताकद’ असं लिहिलं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत जाऊन पाहा, ही ताकद तिथे दुसऱ्या बाजूने लागते. गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं, वाकवतं, वास घेतं, पायात घालून दोन पावलं चालून करकर ऐकतं, पट्टा जरा बोचतोय म्हणतं आणि मग सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत सांगून दुकानाबाहेर पडल्यासारखं करतं. प्राडाच्या दुकानात कोणी असं बाहेर पडल्यासारखं केलं, तर त्याला खरंच बाहेर पडू देत असावेत. तेच कातडं, तोच कारागिराचा हात, तीच वेणी. मिलानला मान वर करून किंमत सांगितली म्हणून ती कला झाली, आणि चप्पल लाइनीत मान खाली घालून सांगितली म्हणून महाग झाली. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्या कुळीथ पिकवणाऱ्याला त्यातले किती मिळाले, हे विचारायचं मात्र आज्याही विसरल्या आणि भाचाही.

तर असा हा भाचा अखेर गेल्या महिन्यात म्हणाला, की ठरलं, नोकरी सोडतो. कंपनी काय करणार, तर रोजच्या बातम्यांतून धंद्याचे धडे आपोआप काढून देणारं अ‍ॅप. मला त्यात कुठे खोट काढता येईना. माल फुकट, कारखाना नाही, गोदाम नाही, आणि जगात भानगडींचा तुटवडा पडायची शक्यता शून्य.

सादरीकरण दाखवून झाल्यावर त्याने लॅपटॉपवर आणखी दोन कागद उघडले. एकावर लिहिलं होतं ‘पोस्ट, यश’ आणि दुसऱ्यावर ‘पोस्ट, अपयश’. दोन्ही तारखेची जागा मोकळी सोडून तयार. मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. मी चांगली नोकरी सोडली. कोरी ओळ. लोक हसले. कोरी ओळ. आई म्हणाली, विचार कर. कोरी ओळ. मी माझ्या मनाचं ऐकलं. इथवर दोन्हींत अक्षराचा फरक नव्हता. शेवटच्या ओळीत एकीकडे होतं, ‘म्हणून आज मी इथे आहे’ आणि दुसरीकडे होतं, ‘म्हणून आज मी इथे आहे, पण शहाणा होऊन’. पडलो तरी नाक वर ठेवायची एवढी आगाऊ तजवीज मी आयुष्यात पाहिली नव्हती.

“यातली कुठली टाकायची ते बाजार ठरवेल,” तो म्हणाला. “मेहनत तीच.”

बहिणीने चष्मा लावून दोन्ही वाचल्या. पुन्हा एकदा वाचल्या.

“दादा, ह्याने दोन्हीकडे लिहिलंय, आई म्हणाली विचार कर. मी कधी म्हटलं असं? मी विचारलं होतं, पगार थांबल्यावर फ्लॅटचा हप्ता कशातून जाणार? ते कुठेच नाही.”

“अगं आई, ते पोस्टमध्ये बसत नाही.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “ते पगारातच बसतं.”